संगणकातला किल्ला आणि दोन कोटींचा आकडा

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पानावर गेल्या आठवड्यात, आपल्याच भागातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने गेमसाठी संगणकावर घडवलेल्या किल्ल्याची सचित्र बातमी वाचली. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावरून स्फूर्ती घेऊन त्याने तट, बुरूज, महादरवाजा आणि भोवतालचा डोंगरउतार उभा केला आहे, आणि सीमाभागातील एक मुलगा पुण्या-बेंगळुरूला न जाता घरी बसून हे काम शिकला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र मथळ्यात आणि मजकुरातही सर्वाधिक भर होता तो हा किल्ला ‘तब्बल दोन कोटी पॉलिगॉनचा’ असल्यावर. त्या आकड्याविषयीच हे पत्र आहे. सामान्य वाचकाला तो आकडा भव्य वाटणे साहजिक आहे. पण गेम घडवणाऱ्याच्या दृष्टीने ती झालेल्या कामाची नव्हे, अजून करायच्या राहिलेल्या कामाची मोजदाद आहे.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. पुण्यातील एका गेम कंपनीत अकरा वर्षे दगड, डोंगर, वाडे आणि झाडे घडवण्याचे काम केले आणि गेली चार वर्षे शहापुरात राहून त्याच कामाची बाहेरची कंत्राटे घेतो. संध्याकाळी सहा-सात मुलांना शिकवतोही. त्यामुळे त्या विद्यार्थ्याच्या हाताविषयी मला शंका नाही. छायाचित्रात बुरुजाचा वर निमुळता होत गेलेला घेर आणि पावसाच्या बाजूने झिजलेले दगड ज्या जाणतेपणाने दाखवले आहेत, तो जाणतेपणा शिकवून येत नाही. आक्षेप आहे तो आपण सगळे कौतुक कशाचे करतो याबद्दल.

पॉलिगॉन म्हणजे संगणकातील आकाराचा पृष्ठभाग ज्या छोट्या सपाट तुकड्यांचा बनलेला असतो ते तुकडे. गेम चालताना शेवटी त्यांचे त्रिकोणच होतात. शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मग ते झीब्रश असो वा मोफत मिळणारे ब्लेंडर, आकाराची पातळी एकदा वाढवली की प्रत्येक तुकड्याचे चार तुकडे होतात. सहा बाजूंच्या साध्या ठोकळ्यापासून सुरुवात केली तर पहिल्या वेळी २४, दुसऱ्या वेळी ९६ आणि दहाव्या वेळी ६२,९१,४५६ तुकडे होतात, आणि त्यासाठी कारागिराला एक बटण दहा वेळा दाबण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही. तेव्हा दोन कोटी हा आकडा कष्टाचे माप ठरत नाही. शिल्प घडवताना एवढे तुकडे हवेतच, हे मान्य आहे. बारीक माती असल्याशिवाय बारीक काम होत नाही. पण ती माती तशीच्या तशी गेममध्ये ओतायची नसते.

ओतली तर काय होते, याचा हिशेब अवघड नाही. आज आपल्याकडे मुलांच्या हातात दिसणाऱ्या बऱ्याच फोनचा पडदा १०८० गुणिले २४०० बिंदूंचा, म्हणजे सुमारे २६ लाख बिंदूंचा असतो. दोन कोटी तुकड्यांचा किल्ला त्यावर पूर्ण दाखवला तर एकेका बिंदूच्या वाट्याला सात-आठ तुकडे येतात, आणि एक बिंदू एका वेळी एकच रंग दाखवू शकतो. चित्र रंगवणारी चिप बिंदूंची कामे दोन गुणिले दोनच्या चौकोनी गटांत करत असल्याने, बिंदूपेक्षा लहान त्रिकोणासाठीही तिला चार बिंदूंचे कष्ट पडतात आणि त्यांतले बरेचसे फुकट जातात. मेमरीचे पाहिले तर, चौकोनी तुकड्यांच्या जाळीत कोपरे जवळपास तुकड्यांइतकेच असतात आणि प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक कोपऱ्याची जागा, दिशा आणि चित्रातील स्थान यांसाठी नेहमीच्या पद्धतीने ३२ बाइट धरले, तर दोन कोटी कोपऱ्यांचे ६४ कोटी बाइट होतात; चार कोटी त्रिकोण कोणकोणत्या कोपऱ्यांनी बनले याची यादी आणखी ४८ कोटी बाइट घेते. एक जीबीची मर्यादा ओलांडली, आणि अजून भिंतीला रंगही दिलेला नाही.

हा हिशेब आपल्याकडच्या मुलांना नवा नाही, असे मी म्हणालो तर कदाचित अतिशयोक्ती वाटेल. पण दिवाळीत टिळकवाडी, अनगोळ किंवा वडगावच्या कोणत्याही गल्लीत फिरून पाहावे. मुले किल्ला करतात तेव्हा आत विटा, दगड आणि ओली पोती रचून नुसता डोलारा उभा करतात आणि चांगली चाळलेली लाल माती फक्त वरच्या थराला वापरतात. किल्ल्याची पाठ भिंतीला टेकलेली असते, तिथे कोणी माती लिंपत बसत नाही. मोहरी किंवा हळीव पेरून उगवलेले हिरवे कोंब समोरच्या उतारावर असतात. मोठे, रंगीत मावळे पायथ्याशी आणि लहान, ओबडधोबड मावळे बालेकिल्ल्यावर ठेवले की किल्ला आहे त्यापेक्षा उंच दिसतो, हे चौथीतल्या मुलालाही कळते. शिवजयंतीच्या चित्ररथांचेही तेच. रस्त्याकडेच्या बाजूला थर्मोकोलचा भक्कम तट आणि मागे पाहिले तर लाकडी पट्ट्या व सुतळी. बघणारा कुठे उभा राहणार हे आधी ठरवायचे आणि मेहनत तिथे खर्च करायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. गेममधील परिसरशिल्पाचा पाया नेमका तोच आहे.

गेममध्ये एवढाच फरक की बघणारा चालत असतो. आता दूर असलेला बुरूज थोड्या वेळाने नाकासमोर येतो. यासाठी एकाच वस्तूची तीन-चार रूपे तयार ठेवतात आणि अंतर वाढेल तसे हलके रूप पुढे करतात. या पद्धतीला एलओडी म्हणतात आणि तिची कल्पना जेम्स क्लार्क यांनी १९७६ मध्येच मांडली होती. अंतर दुप्पट झाले की वस्तू पडद्यावर चौपट कमी जागा व्यापते, म्हणून त्रिकोणही चौपट कमी करायला हरकत नसते. सॉफ्टवेअर ही रूपे आपोआप करून देते खरे. पण आपोआप केलेल्या रूपात तटावरच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दातेरी कठडे, आधी वितळतात, कारण यंत्राच्या लेखी त्या किरकोळ उंचवटे असतात. माणसाच्या लेखी मात्र चर्या गेल्या की किल्ला गेला आणि उरले ते धरण. म्हणून दूरच्या रूपात कुठे हात लावायचा नाही, हे माणसानेच सांगावे लागते.

या कामातला सर्वांत सुंदर भाग मला नेहमी वाटत आला तो म्हणजे जड शिल्पाचा बारकावा हलक्या आकारावर उतरवणे. आधी तीस-चाळीस लाख तुकड्यांचे शिल्प मनासारखे घडवायचे. मग त्याच्यावर, कापड बेतावे तसे, हजारभर त्रिकोणांचे साधे कवच नव्याने विणायचे. याला रिटोपॉलॉजी म्हणतात आणि विद्यार्थ्यांना ती भयंकर कंटाळवाणी वाटते. त्यानंतर संगणक जड शिल्पाच्या प्रत्येक ठिकाणचा पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे मोजतो आणि त्या दिशा एका चित्रात रंगांच्या रूपाने साठवतो. हा नॉर्मल मॅप, आणि जिथे काहीच उंचसखल नसते तिथे तो फिकट निळा-जांभळा दिसतो. प्रकाश पडताना ते चित्र वाचले जाते आणि सपाट कवचावर टाकीचे घाव, भेगा, झिजलेल्या कडा उजेड-सावलीने उभ्या राहतात. प्रत्यक्ष आकार न बदलता केवळ दिशेत फेरफार करून खडबडीतपणा भासवण्याची मूळ युक्ती जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये मांडली. आज आपण फोनवर पाहतो त्या जवळजवळ प्रत्येक त्रिमित खेळातील दगडामागे तिचा वारसा आहे.

या युक्तीला एक मर्यादा आहे आणि किल्ल्यांच्या बाबतीत ती फार महत्त्वाची आहे. नॉर्मल मॅप आकाराची कड बदलू शकत नाही. आभाळाच्या पार्श्वभूमीवर जी रेषा दिसते ती खऱ्या त्रिकोणांनीच बनवावी लागते. राजहंसगड पायथ्याकडून पाहिला तर डोळ्याला प्रथम काय दिसते? दगडांमधला चुना दिसत नाही, जंग्या, म्हणजे तटातली माऱ्याची भोके, दिसत नाहीत. आभाळाला टेकलेली तटाची रेषा आणि बुरुजाचे खांदे दिसतात. तेव्हा बुरुजाच्या माथ्याचा घेर चोवीस बाजूंचा ठेवावा, पायाशी तोच बारा बाजूंचा असला तरी गवतात लपतो. जंग्यांची भोके, जिथून खेळाडूला डोकावायचे नाही, ती चित्रात काढून भागतात; महादरवाज्याची कमान मात्र, जिच्याखालून तो पुन्हा पुन्हा जाणार आहे, तिला त्रिकोण देताना हात आखडू नये. बातमीतील किल्ल्यात, छायाचित्रावरून दिसते त्याप्रमाणे, तटाच्या सपाट भिंतीवरही कमानीइतकीच दाटी आहे. खर्च कमी करावा एवढेच मी म्हणत नाही. खर्च चुकीच्या ठिकाणी झाला आहे, हे माझे म्हणणे आहे.

लहान वाटणारी एक गोष्टही इथे सांगून टाकतो, कारण ती पाठ्यक्रमात क्वचित येते. ठोकळ्याला कोपरे आठ असतात हे शाळेत शिकलेले असते. पण सहाही बाजू धारदार दाखवायच्या असतील तर चिप तेच कोपरे चोवीस म्हणून मोजते, कारण प्रत्येक कोपऱ्यावर तीन बाजूंच्या तीन वेगळ्या दिशा साठवाव्या लागतात. चित्र चिकटवण्यासाठी आकार उलगडताना दिलेल्या प्रत्येक कापावरही कोपरे असेच दुप्पट होतात. म्हणजे नुसती त्रिकोणांची संख्या बघून वजन कळत नाही. कडा आणि शिवणी शक्यतो एकाच जागी याव्यात, असे शिंप्यासारखे भान लागते.

आता पुनरावृत्तीविषयी, ज्यात माझी स्वतःची फजिती झाली होती. पुण्यात असताना एकदा माझ्याकडे एक नदीकाठ आला. कणकुंबी-जांबोटीकडचे ओढे पाहत वाढलेला माणूस मी. मला वाटले, दगड कसे असतात हे आता या मंडळींना दाखवतोच. चाळीस दगड घडवले, एकासारखा दुसरा नाही, आणि प्रत्येकाला रंग, दिशा व खडबडीतपणा यांची २०४८ गुणिले २०४८ ची तीन-तीन चित्रे दिली. असे एक चित्र न दाबता मेमरीत ठेवले तर १६ एमबी घेते. एकशेवीस चित्रांचे १,९२० एमबी झाले आणि दूरच्या अंतरासाठी लागणाऱ्या लहान आवृत्त्यांचा तिसरा हिस्सा मिळवून २,५६० एमबी. चाचणीच्या फोनची एकूण मेमरी ३ जीबी होती. नदीकाठ दिसायच्या आधीच खेळ मुकाट्याने बंद पडला. चित्रे दाबून ठेवली असती तर त्यांचे वजन चौथ्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली आले असते, पण तेवढेही एका नदीकाठाला परवडणारे नव्हते. माझ्यापेक्षा अनुभवी सहकाऱ्याने चाळीसांतले सहा दगड निवडले, बाकीचे माझ्यासमोर काढून टाकले आणि सहांची चित्रे रंग, दिशा व खडबडीतपणा यांच्या त्याच मापाच्या एकेका सामाईक तावावर बसवली. वजन ६४ एमबीवर आले. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच नदीकाठ पाहिला तेव्हा सहा दगड उलटे, आडवे, अर्धे वाळूत पुरलेले, कुठे लहान कुठे मोठे करून त्याने शंभरावर जागी मांडले होते, आणि माझे चाळीस दगड होते तेव्हापेक्षा तो काठ अधिक खरा दिसत होता.

संगणक असा दगड मेमरीत एकदाच ठेवतो आणि बाकी ठिकाणी फक्त त्याची जागा, वळण आणि आकारमान लिहून ठेवतो. आपल्या मूर्तिशाळांतून साचा करतो तेच हे काम आहे. एका साच्यातून निघालेल्या गणपतींना फेटा, शेला आणि आभूषणे वेगळी दिली की मंडळे त्यांना वेगळे ओळखतात. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचे दगडी कमळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत असेल की त्या शिल्पकाराला एकेक पाकळी स्वतंत्रपणे कोरावी लागली. आज संगणकात तेच कमळ करायचे झाले तर एक पाकळी जीव ओतून घडवून मध्याभोवती फिरवली की पुरते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण साचा कशाचा करायचा यात खरी परीक्षा आहे. दगडावर ठळक तिरपी भेग कोरली तर तो दगड एकट्याने फार देखणा दिसतो, आणि तटात दहा वेळा आला की दहाही वेळा तीच भेग डोळ्यांत खुपते. ज्या दगडाला अनेक जागी राबायचे आहे त्याचा चेहरा थोडा अनोळखी ठेवावा लागतो. मोठे उतार, मध्यम फुटलेले कोन यांच्यावर भर द्यावा, बारीक ओरखडे जपून वापरावेत. ओळखीच्या खुणा, म्हणजे शेवाळ, पावसाचे ओघळ, कुणीतरी लावलेला शेंदूर, या नंतर वरून, ज्या त्या जागेपुरत्या चढवाव्यात. तरुण कलाकाराला हे पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण त्याच्या प्रदर्शनचित्रात शोभतो तो ठळक भेगेचाच दगड. तटाचेही चार मीटर लांबीचे तीन-चार तुकडे, एक कोपरा, एक चढाचा तुकडा आणि दोन बुरूज एवढे एकमेकांना नेमके जुळतील असे घडवले की मैलभर तट उभा राहतो. सगळ्यांच्या पायाचे माप एकाच पटीत ठेवण्याची शिस्त तेवढी पहिल्या दिवसापासून पाळावी लागते.

झाडांचे गणित पुन्हा निराळे. दगडात त्रिकोण वाचवणे हा शहाणपणा; पण खानापूरच्या जंगलासारखी दाट झाडी करताना कमीत कमी त्रिकोण वापरून मोठमोठे पारदर्शक पत्रे लावले आणि त्यांवर पानांची चित्रे काढली, तर फोनची दमछाक होते. कारण पत्र्याचा रिकामा भागही तपासावा लागतो आणि एकामागे एक दहा पत्रे आले की पडद्यावरचा तोच बिंदू दहा-दहा वेळा हाताळला जातो. सेकंदाला साठ चित्रे दाखवायची तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, तीस दाखवायची तर ३३.३. झाडीने त्यातले अर्धे खाल्ले की फोन तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि पाच मिनिटांपूर्वी नीट चालणारा खेळ अडखळू लागतो. इथे पानांच्या कडेकडेने थोडे अधिक त्रिकोण देऊन रिकामी जागा छाटणेच स्वस्त पडते. नुसता आकडा कमी करणे हे ध्येय मानणाऱ्यालाही झाड असे उताणे पाडते.

या सगळ्यावर माझ्या वर्गातील मुले एक आक्षेप घेतात आणि तो फेटाळण्यासारखा नाही. एपिक गेम्सच्या अनरिअल इंजिनची, म्हणजे गेम ज्यावर घडवतात आणि चालवतात त्या सॉफ्टवेअरची, पाचवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली आणि तिच्यातील नॅनाइट या व्यवस्थेमुळे कोट्यवधी त्रिकोणांचे शिल्प जवळपास थेट खेळात ठेवता येऊ लागले. मग रिटोपॉलॉजी कशाला शिकायची? उत्तर असे की नॅनाइटही ते कोट्यवधी त्रिकोण रंगवत नाही. ते शिल्पाचे लहान लहान गट पाडते आणि पडद्यावर जेवढा बारकावा दिसू शकतो तेवढेच गट त्या क्षणी पुढे आणते. म्हणजे वगळण्याचे काम आता माणसाऐवजी यंत्र करते, तेही चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकावर. आपल्याकडच्या सर्वसाधारण फोनवर ही सोय धरून चालता येत नाही. शिवाय डिस्कवरचे आणि डाउनलोडचे वजन तर उरतेच. ज्या गावात घराच्या ठराविक कोपऱ्यात उभे राहिल्यावरच फोनला रेंज येते, तिथल्या मुलाने दोन जीबीचा किल्ला कधी उतरवून घ्यायचा? मोठ्या कंपनीच्या मोठ्या खेळात काम करायला मिळाले तर नॅनाइट जरूर वापरावे. स्वतःच्या भावंडांना दाखवायचा खेळ करायचा असेल तर कवच विणायला शिकावे.

खानापूरच्या कुंभारकामाची ख्याती वाचकांना सांगायला नको. ग्रामीण कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. लहानपणी आमच्या घरामागच्या कुंभारआजोबांच्या चाकावर मी एकदा हट्टाने मडके केले होते. मजबूत व्हावे म्हणून भिंत चांगली बोटभर जाड ठेवली. आजोबांनी ते हातात तोलले आणि म्हणाले, “एवढं जाड ठेवलास की भट्टीत फुटतंय बघ.” फुटलेच. जाड मातीच्या पोटात राहिलेला ओलावा आचेने बाहेर पडायला धावतो आणि भांडे तडकवतो, हे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्यांचे मडके टिचकी मारल्यावर वाजायचे, कारण प्रत्येक जागी लागेल तेवढीच माती होती. फोन हीसुद्धा एक भट्टीच आहे, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. मग त्यांचे पहिले काम फोनवर चालवून पाहतात.

थोडे वर्गांविषयी. बेळगाव, निपाणी भागात गेल्या काही वर्षांत अ‍ॅनिमेशन आणि गेमचे शिक्षण देणारे वर्ग निघाले आहेत, त्यांतील काहींचे शुल्क सामान्य घराला जड जाईल असे आहे. त्यांच्या जाहिरातींत सुंदर प्रकाशयोजनेतील शिल्पांची चित्रे असतात. ती शिल्पे कोणत्या यंत्रावर, किती वेगाने चालतात याचा उल्लेख माझ्या पाहण्यात आलेला नाही. नोकरीसाठी मुलाखत घेताना आम्ही मात्र ते देखणे चित्र बाजूला ठेवून आधी त्याची तुकड्यांची जाळी दाखवायला सांगत असू, आणि मग चित्रांचे ताव. इथल्या हुशार मुलांना मी त्या टप्प्यावर गडबडलेले पाहिले आहे, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा होता. कर्नाटकाने अ‍ॅनिमेशन आणि गेम उद्योगासाठी २०१२ मध्येच स्वतंत्र धोरण आणले, बेंगळुरूत हा उद्योग उभाही राहिला. पण बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या वळणाचे शिक्षण इथपर्यंत येताना त्याची साल तेवढी आली, गर वाटेत राहिला.

साधनांची अडचण मात्र आता कोणी सांगू नये. ब्लेंडर २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरोची वर्गणी गोळा करून खुले करून घेतले (वर्गणीची महती आपल्याला वेगळी सांगायला नको), गोडो हे गेम इंजिन २०१४ पासून खुले आहे, आणि दोन्ही कोणालाही एक पैसा न देता, चोरीची प्रत न वापरता, मध्यम ताकदीच्या संगणकावर चालतात. माझ्या वर्गात कन्नड आणि मराठी दोन्ही घरांतील मुले एकत्र बसतात. ‘लो पॉली’ (कमी तुकड्यांचा आकार) आणि ‘बेक’ (जड शिल्पाचा बारकावा चित्रात उतरवणे) हे शब्द सगळ्यांचे एकच आहेत. चर्या, जंग्या आणि देवडी (दरवाज्यातली पहारेकऱ्यांची जागा) हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ज्याला त्या भागाचे नाव माहीत असते तो तो भाग गाळताना दोनदा विचार करतो. या मुलांनी मिळून गेल्या वर्षी एक छोटा गड केला. सात दगड, तटाचे चार तुकडे, दोन बुरूज, एक दरवाजा. चालणाऱ्याला भिंतीशी अडवण्यासाठी आत न दिसणारे साधे ठोकळे ठेवले, कारण टक्कर मोजायला नक्षी लागत नाही. समोर एका वेळी दीड लाखाच्या आत त्रिकोण येतात आणि तो गड माझ्या जुन्या फोनवर सेकंदाला तीस चित्रांनी चालतो. त्याच्याबद्दल बातमी येण्याइतका तो भव्य नाही, याची मला कल्पना आहे.

तेव्हा दोन विनंत्या आहेत. यापुढे अशा कामाची बातमी देताना पॉलिगॉनचा आकडा छापलाच, तर त्याच्या शेजारी फाइलचे वजन किती, ते काम कोणत्या साधनावर चालते आणि सेकंदाला किती चित्रे मिळतात, या तीन गोष्टीही छापाव्यात. आपला वार्ताहर विचारू लागला की शिकवणारेही शिकवू लागतील. दुसरी विनंती अशी की दिवाळीतील किल्ला स्पर्धांच्या आयोजकांना आपल्या दैनिकामार्फत सुचवावे की मातीच्या किल्ल्यांबरोबर संगणकावरील किल्ल्यांचाही एक गट ठेवावा, त्यात शंभर एमबीची मर्यादा घालावी आणि परीक्षण फोनवर करावे. बातमीतील विद्यार्थ्याने त्यात भाग घेतला आणि आपल्या दोन कोटींतून नेमके काय ठेवले हे दाखवले, तर मी स्वतः पाहायला येईन. परीक्षणासाठी फोन लागला तर माझा वापरता येईल. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि मेमरी ३ जीबीच आहे, पण तो अजून चालतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
शहापूर, बेळगाव